बरण्यांवरची अर्धी नावं

३ ऑक्टोबर

ताईला आज दवाखान्यातून आणलं. तिच्या घरी नाही, आमच्याकडे. तिकडे एकटीचं कोण बघणार? हिने मागची खोली आधीच आवरून ठेवली होती आणि खाट फिरवून उशाशी उजेड येईल अशी लावली होती. म्हणाली, "वन्संना वाचायला लागतं." ताईला वाचता येईल की नाही हे डॉक्टरांनाच माहीत नाही.

उजवा हात लुळा पडलाय. पाय बरा आहे, काठी घेऊन चालते. बोलणं मात्र गेलं. एकच शब्द शाबूत राहिलाय, तो म्हणजे "हो". चहा घेतेस? हो. नको का? हो. खिडकी लावू? हो. उघडी ठेवू? हो. जिने आयुष्यभर कुणाचंही म्हणणं चटकन कबूल केलं नाही, तिच्या तोंडी देवाने नेमका हाच शब्द ठेवावा, याला काय म्हणायचं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला ती कधी म्हातारी होईल असं वाटलंच नव्हतं. हे हिच्याजवळ बोललो तर ही रडेल, म्हणून इथे लिहितोय.

४ ऑक्टोबर

प्रकाशन मंडळाच्या संपादकबाईंचा फोन आला. ताईच्या कोशाचे तीन खंड छापून झालेत, चौथा आणि शेवटचा राहिलाय. त्याची सगळी कार्डं तयार आहेत असं ताईने आजारी पडण्याआधी कळवलं होतं. बाई चोवीस तारखेला कार्डं बघायला येणार. नीट असली तर खंड छापायला घेतील. नसली तर कोश तीन खंडांवरच बंद करतील आणि कार्डं जातील ग्रंथालयाच्या तळघरात. बोलायला गोड आहेत, पण हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ताईचं काम लोकांना सांगताना मी नेहमी अडखळतो. लॅटिनमधल्या नामसाधक प्रत्ययांचा कोश. म्हणजे आपण "मोठा" म्हणतो, त्याला "पणा" लावला की "मोठेपणा" होतो, तशी लॅटिनमधली शेपटं, आणि लॅटिनच्या पोटी आलेल्या भाषांत त्या शेपटांचं पुढे काय झालं ते. ताई म्हणायची, "आई एक, लेकी पाच घरी दिल्या. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, रुमानियन. राहणी बदलली, सूर बदलला, पण नाक बघ, आईचंच." चौथा खंड या लेकींचा.

छापलेले तिन्ही खंड माझ्या कपाटात आहेत, पहिल्या पानावर "चि. टिपणीसास सप्रेम" असं लिहिलेलं. मी लहानपणी सगळ्याची टिपणं काढायचो म्हणून तिने पाडलेलं हे नाव. खंड अजून उघडलेले नाहीत. मला त्यातलं काय कळणार?

६ ऑक्टोबर

कॉलेजला ताईची खोली हवी होती म्हणून तिचं कार्डांचं कपाट घरी आणलं. चार हमाल, एक टेम्पो आणि माझा आरडाओरडा. शेवटच्या वळणावर एक खण निसटला आणि जिन्यावर कार्डांचा सडा पडला. हमाल म्हणाला, "काका, नुसते कागदच आहेत." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

कपाट मागच्या खोलीत ताईच्या नजरेसमोर ठेवलं. लाकडाला तोच वास आहे, दादांच्या दुकानाचा. थोडा कापूर, थोडं स्पिरिट, जुना पुठ्ठा. कुठून आला कोण जाणे. मी खणात नाक घालून उभा होतो. ही म्हणाली, "अहो, शिंक आली तर सगळं उडेल."

आमचे वडील, दादा, औषधं बनवून विकायचे. भिंतभर फळ्या, त्यांवर निळ्या काचेच्या गोल बरण्या, आणि प्रत्येक बरणीला पोटाभोवती चिकटवलेली चिठ्ठी. वर मोठ्या अक्षरांत लॅटिनमधून औषधाचा प्रकार, खाली बारीक अक्षरांत कशाचं ते. शाळेतून आलो की आम्ही दोघं गल्ल्याच्या उजव्या टोकाला बसायचो, एकाच बुटक्या स्टुलावर, अर्धं तिचं अर्धं माझं. तिथून बरण्या बाजूने दिसायच्या. नावाचा पहिला भाग काचेच्या वळणाआड गेलेला असायचा, दिसायचा तो फक्त शेवट. वरच्या फळीवर सगळीकडे "तुरा, तुरा, तुरा". त्या तिंक्तुरा आणि मिक्स्तुरा. मधल्या फळीवर "तिओ". खाली "मेंतुम", ती अंगाला चोळायची औषधं. ताईला रोमन अक्षरांची ओळख अशीच झाली, शेवटाकडून. दादा विचारायचे, "ही कुठे ठेवू गं?" ती वर न बघता म्हणायची, "तुरा." आणि ते बरोबर वरच्या फळीवर ठेवायचे. मला वाटायचं ते औषधांचे मालक आहेत आणि ही बरण्यांची.

हे सगळं आज ताईला सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि "हो" म्हणाली. या वेळचा "हो" खरा होता असं मला वाटतं.

७ ऑक्टोबर

सांडलेला खण लावायला बसलो आणि डोक्याला हात लावला. नमुन्याला म्हणून शेजारचा खण उघडला, तर तोही तसाच. नातिओ, मग रातिओ, मग ओरातिओ, मग स्तातिओ. एन, आर, परत मागे ओ, मग एकदम एस. तिसरा खण: कलोर, कोलोर, दोलोर, आमोर. म्हणजे सी, सी, डी आणि शेवटी ए! आमच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये नव्याने लागलेला उमेदवारसुद्धा असं करत नसे. खणांवर नुसते आकडे. सगळ्यात खालच्या रिकामटेकड्या खणावर "मूळचेच" अशी चिठ्ठी. मूळ कागदपत्रांसाठी असावा, आत थोडीच कार्डं होती. ती मी बाहेर काढली आणि तिथे दवाखान्याची बिलं ठेवली.

बिचारी ताई. आजार एका रात्रीत येत नाही. डोक्यातली घडी आधीच विस्कटायला लागली असणार आणि आम्हाला पत्ता नाही. दर आठवड्याला फोन करत होतो, हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

ही म्हणाली, "एकदा त्यांचं पुस्तक उघडून बघा तरी, त्यात कसं लावलंय."

मी म्हटलं, "वर्णक्रम हा वर्णक्रम असतो. तो जगात सगळीकडे एकच." बत्तीस वर्षं मी लोकांचे जन्म आणि मृत्यू वर्णक्रमाने लावले, एकही कागद कधी हरवला नाही. संपादकबाई येईपर्यंत हे कपाट असं करून ठेवीन की त्यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांना दाखवायला आणावं.

ताईला विचारलं, न विचारता हात लावायचा नाही हे मला कळतं. "ताई, तुझी कार्डं नीट लावतो हं सगळी."

"हो," ताई म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "हो, हो."

१२ ऑक्टोबर

पाठ धरलीये, पण निम्म्याच्या वर काम झालं. जेवणाच्या टेबलावर ए ते जी, दिवाणावर एच ते एन. आम्ही उभ्याने जेवतो. ही कुरकुरते, पण एम शोधायला मदतही करते.

कार्डं फार सुंदर आहेत. लॅटिन शब्द काळ्या शाईत, खाली पाच लेकी पाच रंगांत, आणि मराठीत अर्थ. ताईचं अक्षर दादांच्या चिठ्ठ्यांसारखंच आहे, गोल आणि ठाम. दोलोर, म्हणजे दुःख, या कार्डाच्या कडेला तिने पेन्सिलीने लिहिलंय: "दुखतं म्हटलं तर ते ज्याचं त्याचं. दुःख असं नाव दिलं की ते दुसऱ्याच्या हातात देता येतं." मी ते दोनदा वाचलं. मग त्याला डीमध्ये घातलं.

काम करताना बरं वाटतं. फार वर्षांनी आम्ही भावंडं एका दुकानात बसलोय असं वाटतं. मधूनच ती खाटेवरून हात हलवते. मी म्हणतो, "होत आलं, होत आलं."

१५ ऑक्टोबर

संपलं! खण एकेक करून ताईसमोर उघडले. "हे बघ, ए. हे बी. कुठलाही शब्द विचार, डोळे मिटून काढून देतो."

ताईने पहिल्या खणात डावा हात घातला, बोटांनी कार्डं मागेपुढे केली. दुसरा खण बघितला. तिसरा. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती "हो, हो, हो" म्हणत राहिली. मलाही आवरेना. इतकी वर्षं तिने मला शिकवलं, एकदा तरी मी तिच्या कामी आलो.

ही मात्र स्वयंपाकघरात म्हणाली, "आनंदाने रडणारं माणूस भिंतीकडे तोंड करून निजत नाही हो." हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१७ ऑक्टोबर

आंघोळ करून आलो तर ताई कपाटाशी उभी. काठी जमिनीवर पडलेली, चार खण उघडे, आणि कार्डं उपसून तिने खाटेवर ठिकठिकाणी ढीग केलेले. सीमधलं एक, डीमधलं एक, एमधलं एक, सगळी एकत्र. ती जेवताना सगळं पुन्हा जागेवर लावलं.

१८ ऑक्टोबर

आज परत तेच. या वेळी उशीखालीसुद्धा कोंबली होती.

"ताई, अगं चोवीसला बाई येणारेत. तुझाच खंड आहे ना? का मोडतेस?"

"हो," ती म्हणाली. माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होऊ शकतं, समजही हळूहळू कमी होत जाते कधीकधी. संध्याकाळी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. ताई बघत होती. सात वर्षांचा असताना मी दादांच्या दुकानात बरणी फोडली होती, तेव्हा दादांनी मला विचारायच्या आत "मी फोडली" असं ती म्हणाली होती. तिच्यासमोर कुलूप लावताना नेमकं तेच का आठवावं?

२० ऑक्टोबर

ताई दोन दिवस नीट जेवली नाही. खोलीत गेलं की डोळे मिटून घेते. हीसुद्धा माझ्याशी कामापुरतंच बोलते.

२१ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी स्वयंपाकघराच्या नळाचा वायसर गेला. मी ओट्याच्या कडेला हिचा बुटका पाट घेऊन बसलो, पान्याशी झटापट करत. ही चहाला साखर काढायला वळली. साखरेची बरणी ओट्यावर ठेवली. ती दादांचीच आहे, दुकान विकलं तेव्हा मी एकच उचलून आणली होती. जुनी चिठ्ठी अजून तिला चिकटलेली. इतकी वर्षं ती रोज समोरून बघतोय. आज खालून, बाजूने बघितली.

"...तुरा."

पाना हातातून पडला. ही म्हणाली, "लागलं का?"

मी तसाच ओल्या हातांनी बाहेर गेलो आणि ताईच्या कोशाचा पहिला खंड काढला. पानं एकमेकांना चिकटली होती. प्रस्तावनेच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे: या कोशातले शब्द शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे लावले आहेत, म्हणजे एका प्रत्ययाचे सगळे शब्द एका जागी येतात. पुढे एक ओळ: "ही पद्धत मी एका बुटक्या स्टुलावर बसून शिकले. स्टूल अर्धं माझं होतं."

नातिओ, रातिओ, ओरातिओ, स्तातिओ. उलटं वाचलं तर कसं रांगेत उभं होतं सगळं. एकही कार्ड चुकीचं नव्हतं. तिच्या डोक्याची घडी शेवटच्या दिवसापर्यंत इस्त्री केल्यासारखी होती. विस्कटली ती मी.

तिच्या खोलीत गेलो, कुलूप काढलं. म्हटलं, "ताई, मी गाढव आहे."

"हो," ताई म्हणाली.

हा मात्र अगदी खरा होता. ही दारात उभी राहून हसायला लागली, आणि मग पदराने डोळे पुसायला लागली.

२३ ऑक्टोबर

उलटं लावणं फार अवघड. जन्मभराची सवय हाताला ओढून पुढे नेते. मी कार्ड उचलतो, शेवट वाचतो, ताई डाव्या हाताने खण दाखवते. चुकलं की ती कार्ड ओढून काढते आणि माझ्या हातावर हलकेच मारते. काल ती पोटभर जेवली. आज मला मारून मारून तिचा हात दुखला असेल.

"तुरा" आणि "मेंतुम" झाले. "तिओ"चा डोंगर तसाच आहे. उद्या बाई येणार आणि निम्मंसुद्धा झालेलं नसेल.

२४ ऑक्टोबर

संपादकबाई आल्या. मी सगळं खरं सांगितलं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, उलट म्हणाल्या, "लागेल हो पुन्हा. प्रश्न तो नाहीये. मंडळाचा नियम आहे, प्रत्येक खण लेखकाने स्वतः बघून मान्य करायचा. ताईंना ते करता येईल का, एवढंच मला बघायचंय."

त्यांनी "तुरा"च्या खणातलं एक कार्ड त्याच्या जागी धरलं. "ताई, हे बरोबर?"

"हो."

मग दुसरं कार्ड, भलत्याच ठिकाणी. "आणि हे?"

ताईने दोन्ही हात शालीखाली घेतले होते. शाल सरकून परक्या माणसाला तो लुळा हात दिसू नये म्हणून ती डावाही बाहेर काढत नाही. दवाखान्यातही तसंच करायची.

"हो," ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. चुकलं हे तिला कळत होतं.

मी म्हटलं, "आमच्यासमोर बरोबर दाखवते हो ती. मला मारतेसुद्धा."

"असेल. पण सगळ्यालाच हो म्हणणाऱ्या माणसाची मान्यता मी कशी धरू? उद्या कुणी काहीही छापलं तरी त्या हो म्हणतील." बाई दारातून परत फिरल्या, ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "एकतीसला पुन्हा येते. तोपर्यंत निर्णय थांबवते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

त्या गेल्यावर ताई बराच वेळ खिडकीकडे बघत बसली. मी दुकानातल्या गोष्टी काढल्या, दादांचा खोकला, गल्ल्यातली मांजर, अर्ध्या स्टुलावरून झालेली भांडणं. ती हसली नाही.

२७ ऑक्टोबर

"तिओ" संपले. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, ताईकडून आ, ऊ, म करून घेतात. ताई मुकाट्याने करते. शाळेतल्या पोरीसारखं तिला तोंड वेंगाडताना बघून मी बाहेर जाऊन बसतो.

कार्डं लावताना मात्र ती वेगळीच असते. पाठ ताठ, नजर धारदार. आता मी मोठ्याने फक्त शेवट वाचतो. "तास." ती खण दाखवते. "तुदो." ती खण दाखवते. दादा विचारायचे आणि ती सांगायची, तसंच चाललंय, फक्त बोलणारं तोंड बदललं. दुपारचं ऊन निळ्या पडद्यातून येतं आणि खोलीला बरण्यांचा रंग चढतो. असे दिवस मला पुन्हा मिळतील असं वाटलं नव्हतं. तिच्या आजारपणात असं सुख वाटावं याची लाजही वाटते.

३० ऑक्टोबर

शेवटचा गठ्ठा घेतला होता, "ओर"चा. कलोर, कोलोर, दोलोर, आमोर, सगळी आपापल्या जागी बसली. माझा हातही आता बसलाय, जरा मिजास आली होती. पुढचं कार्ड उचललं: सोरोर. खाली ताईच्या अक्षरात "बहीण". शेवटी ओर. ताईच्या हाताची वाट न बघता मी ते सरळ आमोरच्या मागे खोचलं आणि पुढच्या कार्डाकडे वळलो.

"नाही."

मला वाटलं ही म्हणाली. पण ही दारात चहाचे कप घेऊन उभी होती, आणि ती ताईकडे बघत होती.

ताई माझ्याकडे बघत होती. स्टुलावरची माझी अर्धी जागा सोडून मी तिच्या अर्ध्यात सरकलो की बघायची, तशी. तिने डाव्या हाताने कार्ड उपटून काढलं आणि पालथं करून माझ्या नाकासमोर धरलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मूळचंच". म्हणजे शेपूट लावल्यासारखं दिसतं, पण कुणी मागाहून जोडलेलं नाही. शब्द जन्मला तेव्हापासून तसाच आहे.

"नाही," तिने पुन्हा सांगितलं. जड होता शब्द, जिभेवरून ओढून आणल्यासारखा, पण स्वच्छ.

मी उठून सगळ्यात खालचा खण उघडला, त्यातली दवाखान्याची बिलं जमिनीवर टाकली आणि बहिणीचं कार्ड त्याच्या घरी ठेवलं. हिने कप खाली ठेवले आणि ताईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, "वन्सं, वन्सं," एवढंच म्हणत. उद्या संपादकबाई येतील. येऊ देत.

थोड्या वेळाने पुन्हा कामाला बसलो. पुढचं कार्ड होतं उक्सोर, म्हणजे बायको. बघताक्षणी कळलं की हेही मूळचंच, मागे उलटून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी ते उचललं आणि ताईकडे न बघता आमोरच्या मागे खोचलं.

"नाही," ताई म्हणाली.

ही माझ्याकडे रोखून बघत होती. "अहो, तुम्ही मुद्दाम चुकताय ना?"

"हो," मी म्हणालो.